पाठ फिरवून बसलेल्या काकींना

तीर्थस्वरूप काकी,

साष्टांग नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानायचा मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा तुम्ही "हातूंत कितें व्हडलें?" (यात काय मोठं?) म्हणालात आणि भांडी घासायला वळलात. दुसऱ्यांदा हातात अळूची जुडी देऊन मला घरी पाठवलंत. पण माझ्या मनातलं काही केल्या हलेना, म्हणून चारचौघांत लिहितो आहे. तुमची सून वाचून दाखवील.

जुलैमधली ती सकाळ तुम्हाला आठवतही नसेल. माझी मुलगी, बाय, तेव्हा वीस महिन्यांची होती. तिच्या आईची आपल्या गोव्यातल्या कुंडईच्या कारखान्यात पहिली पाळी, म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत मी आणि बाय. दुकान खाली, घर वर. गिऱ्हाईक आलं की खाली, बाय रडली की वर. आणि या सगळ्यात दर दिवसाचं एक युद्ध: तिचं जेवण.

मी काय काय केलं ते इथे कबूल करतो. मोबाईलवर गाणी लावून ती बघत असताना तोंडात घास कोंबले. काऊ-चिऊ संपल्यावर पोलिसाची भीती घातली. एकदा तर तिचे दोन्ही हात एका हातात धरले आणि दुसऱ्या हाताने चमचा आत ढकलला. तिने ते सगळं बाहेर काढलं आणि माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मला अजून झोपेत दिसते. त्यानंतर वाटी नुसती दिसली तरी ती मान फिरवून ओठ मिटून घ्यायची.

तोपर्यंत आम्ही मदत मागितली नव्हती असं नाही. एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला हातही न लावता भूक वाढवायचं औषध लिहून दिलं, आणि "आई घरी नसते का?" एवढं एकच विचारलं. नात्यातल्या एका बाईंनी भर समारंभात बायचा दंड दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. कोणी महागड्या पावडरीचा डबा आणून दिला, कोणी स्वतःच्या नातवाचे गुबगुबीत फोटो. "बापाच्या हातचं मूल आहे, असंच होणार," हेही ऐकलं. ही सगळी जवळची माणसं. एकानेही आमच्या घरी येऊन, तिच्याजवळ बसून, ती जेवते कशी ते बघितलं नाही.

त्या सकाळी तुम्ही पावसातून आलात त्या तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, द्यायला. तुमच्या परसातली, मुळांना अजून माती लागलेली. मी बायसमोर वाटी धरून बसलो होतो, ती रडत होती, आणि खरं सांगायचं तर मीही रडायच्या बेतात होतो. तुम्ही काही विचारलं नाही. अंगणवाडीत मदतनीस म्हणून इतकी वर्षं काढलीत, तुम्हाला दारातूनच कळलं असणार. तुम्ही वजनाचं कार्ड मागितलंत, खिडकीपाशी नेऊन बघितलंत आणि बोट ठेवलंत. ठिपका हिरव्या पट्ट्यात होता, म्हणजे वजन वयाला साजेसं होतं. मी ते कार्ड दर महिन्याला भरून घेत होतो, पण फक्त आकडा बघत होतो. पट्टा कधी बघितलाच नाही.

मग तुम्ही स्वयंपाकघरात गेलात. माझ्यासाठी उकड्या तांदळाची पेज करून ठेवली होती. त्यातली दोन डाव, कोमट झालेली, तुम्ही तुमच्याच भाजीच्या पिशवीतल्या एका लहान स्टीलच्या वाटीत काढलीत. ती वाटी कुणाकडे तरी परत द्यायला निघाली होती बहुतेक. पेजेत थोडं खोबरं किसून घातलंत, ती बायसमोर जमिनीवर ठेवलीत, शेजारी चमचा. आणि तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, तांबडी भाजी निवडायला बसलात.

मी बघतच राहिलो. तेव्हा तुम्ही मागे न वळता म्हणालात, "ताचेकडेन पळोवं नाका. तूंय फाट करून बस." (तिच्याकडे बघू नकोस. तूही पाठ करून बस.)

मी बसलो. काकी, ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. बाहेर कौलांवर पाऊस, समोर भिंतीचा पोपडे धरलेला निळा गिलावा, हातात भाजीची काडी, आणि पाठीमागे काय चाललंय ते फक्त कानांनी कळत होतं. आधी काहीच नाही. मग चमचा जमिनीवर पडल्याचा आवाज. मी वळणार, तेवढ्यात तुमचा भाजीचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि मी थांबलो. मग वाटी फरशीवरून घासत ओढल्याचा आवाज. मग पाण्यात हात मारल्यासारखं चपचप. आणि मग, फार वेळाने, सुर्रकन ओढून घेतलेला एक घोट. तुम्ही भाजी निवडत राहिलात. पानं एकीकडे, देठ दुसरीकडे. तुमच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला नाही, घाईही दिसली नाही, जणू हे असंच व्हायचं होतं.

थोड्या वेळाने माझ्या पाठीवर एक चिकट तळवा टेकला. बाय उठून आली होती, माझ्या सदऱ्याला धरून उभी राहिली होती. सदऱ्यावर पेजेचे पाच बोटांचे ठसे उमटले. वाटीत निम्मी पेज उरली होती. तुम्ही ती उरलेली पेज तिला भरवायला लावाल असं मला वाटलं. तुम्ही वाटी उचलून मोरीत ठेवलीत आणि म्हणालात, "भूक ताची, पोट ताचें. तूं कित्याक झगडटा?" (भूक तिची, पोट तिचं. तू कशाला भांडतोस?)

नंतर मी बरंच वाचलं, आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंशीही बोललो, आणि तुमच्या एकेका वाक्यामागचं कारण कळत गेलं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात वाढ जेमतेम दोन-अडीच किलोंची, म्हणून भूकही मंदावते. तो आजार नव्हे. आमची बाय दिवसाला पाऊण लिटरच्या वर दूध पीत होती. या वयाला अर्धा लिटर पुरेसं असतं. जास्त दुधाने पोट भरतं, जेवण मागे पडतं, आणि दुधात लोह फारच कमी असल्याने अंगातलं रक्तही कमी होऊ शकतं. हे मला त्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. तुम्ही "दूद कितलें पियेता?" एवढंच विचारलंत आणि दुपारची बाटली बंद करायला लावलीत. नाचणीची तिजान, म्हणजे खीर, सुरू करा म्हणालात. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं हे मी आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक आईला सांगतो. आणि नवी चव मुलाच्या जिभेवर बसायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. मी तिसऱ्या दिवशीच "हिला आवडत नाही" असा निकाल देऊन मोकळा होत होतो.

पण हे सगळं मला पुस्तकातूनही मिळालं असतं. पाठ फिरवून बसणं पुस्तकात नव्हतं. मी इतके महिने तिच्या तोंडाकडे डोळे लावून बसलो होतो, परीक्षकासारखा. तिला एकटीला तिच्या पेजेपाशी सोडायचं असतं हे तुम्ही न बोलता करून दाखवलंत, आणि मला लाज वाटणार नाही अशा रीतीने, स्वतः माझ्या शेजारी बसून.

आपल्या गावात अशी माणसं आहेत म्हणून मुलं वाढतात. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत येतो आणि बायला बघितलं की पाटीतलं एक काकण, बांगडीसारखा गोल पाव, जास्त ठेवतो. बाजारातली मासळीवाली मोजून झालेल्या सुंगटांवर (कोळंबीवर) चार वरून टाकते, "भुरग्याक" (पोराला) म्हणून. बसचा कंडक्टर मूल कडेवर असलेल्या बाईला चढायला वेळ देतो. यांतलं कोणी आम्हाला उपदेश केला नाही. अंगणवाड्यांची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून तुमच्यासारख्या किती बायकांनी किती मुलांच्या वाट्या भरल्या असतील, आणि त्या कामाला आजही पगार न म्हणता मानधन म्हणतात. मला ते फार लागतं.

बाय आता जेवते. रोज जेवतेच असं नाही. काल तिने फक्त दोन घास भात आणि आमटीतली शेंग खाल्ली, आणि मी वाटी उचलून ठेवली. परवा मात्र खतखत्यातली (मिश्र भाज्यांच्या कालवणातली) कणसं मागून मागून घेतली. तिची आई कामावरून आल्यावर "किती जेवली?" असं आता विचारत नाही, "आज काय झालं?" असं विचारते, आणि मग आम्ही तिघं एकत्र बसतो.

तुमची ती स्टीलची वाटी अजून आमच्याकडेच आहे. ज्यांची होती त्यांची तुम्ही समजूत काढली असेल. बाय दुसऱ्या वाटीत पेज घेत नाही. गणेशचतुर्थीला पातोळ्या (हळदीच्या पानात उकडलेलं गोड) करू तेव्हा तीच वाटी भरून ती स्वतः तुमच्या दारात येईल. मी मागे, चार पावलं दूर राहीन.

तुमचा,
दुकानावरचा शेजारी