मावशी, तुम्ही माझ्या आईचे हात धुतलेत

मावशी,

तुमचं नाव लिहीत नाही. "मी एकटी थोडीच करते, आम्ही तीन पाळ्यांत आहोत," असं तुम्हीच म्हणालात. तरी सरकारी दवाखान्यात बाळांचा वॉर्ड साफ ठेवणाऱ्या मावशी, हे पत्र तुम्हालाच आहे.

मुलगा दिवस भरायच्या दोन महिने आधीच जन्मला, वजन १४०० ग्रॅम. आधी त्याला ज्या दवाखान्यात ठेवलं तिथे एसी होता, तोंड दिसेल अशी फरशी होती. बिलाचं तर बोलायलाच नको. पण व्हरांडा पुसलेला पोछा त्याच काळ्या पाण्यात बुचकळून बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली फिरायचा, हे मी काचेतून रोज बघायचो. आणि दारात अडवलं कुणाला, तर माझ्या आईला. "अशा हातांनी कुठे आत येता, आजी?"

आम्ही चोपडा तालुक्यातले केळीवाले. केळीचा चीक हाताला लागून काळा पडला की कितीही घासा, निघत नाही. आईने हात पदराखाली घेतले ते घेतलेच.

पाचव्या दिवशी बाळ मलूल पडलं. रक्तात जंतुसंसर्ग निघाला. कुठून आला, विचारलं तर उत्तर आलं, "कमी दिवसांचं बाळ आहे, व्हायचंच." अहो, कमी दिवसांच्या बाळाला जंतू लवकर गाठतात, म्हणूनच तर पोछा वेगळा ठेवायचा ना? असो. कर्ज काढून ऐकलेलं उत्तर होतं ते.

मग १०८ ने तुमच्या सरकारी वॉर्डात आलो. भिंतीचा रंग उडालेला बघून पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू.

बायकोचं बीपी उतरत नव्हतं. बाळाला छातीशी धरायला, ते कांगारू केअर करायला, घरातलं कुणीतरी हवं होतं. आई दारातच थबकली. तुम्ही तिचे हात पदराखालून ओढून काढलेत, उलटसुलट बघितलेत आणि म्हणालात, "हाऊ डाग शे माय, मळ नही." बोटातली अंगठी काढून तिच्याच पदराला गाठ मारून दिलीत. मग साबण लावून तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगट, सगळं तुमच्या हातांनी धुतलंत. नळ कोपराने बंद केलात. मिनिटभराचं काम. आई त्या मिनिटात रडली, तुम्ही बघितलं नाही असं दाखवलंत.

नंतर मला कळत गेलं की तुम्ही आत कोरडा झाडू मारतच नाही, धूळ उडते म्हणून. वॉर्डाचा पोछा वॉर्डाबाहेर जात नाही. एका बाळाच्या वॉर्मरला फिरवलेलं फडकं दुसऱ्याला लागत नाही. फरशीचं औषध रोज ताजं. खरं तर हे सगळं सगळ्यांना शिकवलेलं असतं. फरक एवढाच, की तुम्ही ते रात्री दोनलाही करत होतात, कुणी बघत नसताना.

आणि राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना तुम्ही म्हणालात, "सर, घड्याळ." मला वाटलं, आता मावशींचं काही खरं नाही. सरांनी गुपचूप घड्याळ काढून खिशात टाकलं, हात धुतले. माझा भाचा फार्मसीला आहे. त्याने सांगितलं, १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाळंतिणींच्या वॉर्डात शिरण्याआधी डॉक्टरांना हात धुवायला लावले, मृत्यू झपाट्याने कमी झाले, तरी बऱ्याच मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. तुमच्या सरांना पटलं. त्यांचेही आभार.

निघताना पाकीट पुढे केलं तर रागावलात. केळीची फणी तेवढी घेतलीत, तीही सगळ्यांत वाटलीत. अशी माणसं असतात हे आम्ही आधीच्या सहा दिवसांत विसरलो होतो.

बाळ आता साडेतीन किलोचं आहे. बागेत कापणी चालू आहे, आईचे हात पुन्हा काळेकुट्ट. शेतातून आली की अंगठी पदराला बांधते, मिनिटभर हात धुते, मग त्याला घेते. मला अजून रांगेत उभं करते.

तुमचा,
वॉर्मर नंबर चारच्या बाळाचा बाप