जीएसटी परिषदेतील महाराष्ट्राच्या एका मताचे वजन : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अर्थमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

वस्तू व सेवा कर परिषदेत महाराष्ट्राच्या वतीने आपण मत देता. संविधानाच्या अनुच्छेद २७९अ नुसार तेथे केंद्राच्या मताचा भार एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचा मिळून दोन तृतीयांश असतो. उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या भारांकित मतांपैकी किमान तीन चतुर्थांश मते मिळाल्याशिवाय निर्णय होत नाही. विधानसभा असलेले तीन केंद्रशासित प्रदेश धरून ३१ राज्ये होतात, म्हणजे महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे २.१५ टक्के भार येतो आणि गोव्याच्याही वाट्याला तेवढाच. म्हणून मोठ्या राज्यांचा भार वाढवावा, अशी मागणी अधूनमधून होते. त्या मागणीच्या बाजूने उभे राहण्यापूर्वी भार आणि ताकद यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा, एवढ्यासाठी हे पत्र.

१९५८ साली युरोपीय आर्थिक समुदायाच्या मंत्रिपरिषदेत जर्मनी, फ्रान्स व इटली यांना प्रत्येकी ४, बेल्जियम व नेदरलँड्स यांना प्रत्येकी २ आणि लक्झेंबर्गला १ मत होते. भारांकित मतदानात १७ पैकी १२ मते लागत. इतर पाचही देशांची मते सम असल्याने त्यांची बेरीज कधीच ११ होऊ शकत नव्हती, त्यामुळे लक्झेंबर्गच्या मतावाचून कोणताही ठराव अडणे शक्य नव्हते. भार जवळपास सहा टक्के, ताकद शून्य.

आपल्या परिषदेत सर्व जण हजर असतील, तर केंद्र आणि २० राज्ये मिळून निर्णय होतो; केंद्राला वगळून ३१ राज्ये एक झाली तरी होत नाही. कोणाच्या येण्याने बहुमत पुरे होते हे सर्व संभाव्य क्रमांत मोजणारा शॅप्ली-शुबिक निर्देशांक केंद्राला ३७.५ टक्के आणि प्रत्येक राज्याला सुमारे २ टक्के देतो. क्रम न पाहता, कोणाच्या बाहेर पडण्याने जिंकणारा गट हरतो असे केवळ गट मोजणारा बान्झाफ निर्देशांक मात्र केंद्राला ८.७ आणि राज्याला २.९ टक्के देतो. एकाच नियमाची अशी दोन उत्तरे पाहून गणितावरचा विश्वास उडायला नको. प्रश्नच दोन आहेत. माझ्या मते आपल्या खुर्चीवरून पाहायचा आकडा तिसराच, तो म्हणजे कोलमन यांचा निर्णय रोखण्याच्या क्षमतेचा. जिंकणाऱ्या सर्व गटांपैकी किती गट त्या सदस्याने अंग काढल्यास हरतात, हे तो सांगतो; तो केंद्रासाठी १००, तर एकट्या राज्यासाठी सुमारे ३४ टक्के येतो.

हे सारे आकडे प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे मत देते, या गृहीतावर उभे आहेत, आणि आपल्या राजकारणात ते कितपत टिकते हे आपणांस सांगायला नको. केंद्रातील सत्तापक्षाची सरकारे २० राज्यांत असतील आणि ती एकगठ्ठा मत देत असतील, तर उरलेल्या ११ राज्यांचे लक्झेंबर्ग होते. निर्णय रोखायला १२ राज्ये लागतात.

म्हणून महाराष्ट्राचा भार दुप्पट झाला, तरी केंद्राचा नकाराधिकार जसाच्या तसा राहील. केंद्राचा भार एक चतुर्थांश केला, तर मात्र सर्व राज्यांना एकमताने निर्णय घेता येईल. शिवाय केंद्राला २० ऐवजी २१ राज्ये सोबत घ्यावी लागतील.

बहुतेक निर्णय सहमतीनेच होतात आणि लॉटरीवरील कराबाबत डिसेंबर २०१९ मध्ये प्रथमच मतदान झाले, हे मला ठाऊक आहे. परंतु मतदान झाल्यास काय होईल, याचा अंदाज बांधूनच सहमतीची बोलणी होत असतात. गैरहजेरीनेही गणित बदलते : २४ राज्ये मतदानात असतील, तर केंद्रासोबत १५ पुरतात आणि रोखायला १०.

तेव्हा मतांच्या भारात बदल सुचवणारा कोणताही प्रस्ताव राज्याने पाठवल्यास, त्यासोबत अशी परिगणना जोडून ती विधिमंडळापुढेही ठेवावी, ही विनंती.

आपला नम्र,
गणिताचा एक निवृत्त शिक्षक