चि. मुक्तास, ऑस्ट्रेलियाच्या प्रवासापूर्वी

दादर, मुंबई

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी आपले बोलणे अर्धवट राहिले आणि तू रागाने फोन ठेवलास. ‘जाऊ नकोस’ असे मी म्हटले नव्हते, परंतु माझ्या स्वरातून तुला तसेच ऐकू आले असावे. म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्रात निदान एकमेकींचे बोलणे मध्येच तुटत नाही.

तू पाठवलेला आराखडा बाबांनी आणि मी नकाशा पुढ्यात घेऊन वाचला. अ‍ॅडलेडहून पोर्ट ऑगस्टा, तेथून स्टुअर्ट हायवेने कूबर पीडी, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज आणि शेवटी डार्विन, असा सुमारे 3,000 किलोमीटरचा रस्ता तू आणि गौरी गाडीने पार करणार. जुलै महिना निवडलास हे शहाणपणाचे केलेस, कारण तेव्हा तिकडे हिवाळा असतो आणि उत्तरेकडचा पावसाळाही संपलेला असतो. व्हिसा, विमा, तिकिटे यांविषयी मी काही सांगत नाही. ते तुला माझ्यापेक्षा अधिक कळते.

मला काळजी आहे ती फोनच्या रेंजची. वाटेतले ग्लेंडाम्बो गाव सोडल्यावर कूबर पीडी येईपर्यंत सुमारे 250 किलोमीटर पेट्रोल पंप नाही. म्हणजे दादरहून निघून साताऱ्यापर्यंत वाटेत काही नाही असे समज. गाव मागे पडले की मोबाइलही बहुतेक बंद पडतो. तेव्हा 000 हा तिथला आपत्कालीन क्रमांक पाठ असूनही उपयोग नाही. उपग्रहाला संदेश पाठवणारे लहान बीकन तिथे भाड्याने मिळते, ते घ्यावे. शिवाय तिथले थ्रीजी 2024 मध्ये बंद झाले आहे आणि ज्या फोनवरून फोरजीने आपत्कालीन कॉल लागत नाही तो फोन तिथल्या कंपन्या चालू देत नाहीत. तेव्हा तुझा फोन चालेल की नाही याची खात्री येथूनच करून घे.

तू म्हणशील, आई पुन्हा फोनवरच आली. आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेले, दुसरे काय सुचणार? पण तुझ्या या रस्त्याची एक गोष्ट मला फार आवडली. 1872 मध्ये पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत तारायंत्राची लाइन पूर्ण झाली आणि तुझा हायवे बराचसा तिच्याच वाटेने जातो. डार्विनहून पुढे समुद्राखालच्या तारेने निघालेला संदेश जावा, सिंगापूर, मद्रास असे करत आपल्या मुंबईतून लंडनला जात असे. अ‍ॅलिस स्प्रिंग्जचे जुने तारघर जपून ठेवले आहे. तिथे माझ्या वतीने जाऊन ये. वाळवंटात अडकलेली माणसे ती तार मुद्दाम तोडत, म्हणजे दुरुस्तीला लाइनमन येई आणि त्यांची सुटका होई, असे सांगतात. तुमच्याजवळ तोडायला तारही नसेल.

26 जुलै 2005 तुला आठवते का? तू पहिलीत होतीस. सांताक्रूझला दिवसभरात 944 मिलिमीटर पाऊस झाला, बाबा कुर्ल्याला अडकले आणि घरचा फोन मुका झाला. तू रिसीव्हर कानाला लावून स्टुलावर बसून राहिलीस आणि टोन येत नाही हे मला दर पाच मिनिटांनी येऊन सांगत होतीस. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेपर्यंत चिखलाने माखून चालत आले, ते सुखरूप होते, आणि रात्रभर त्यांना काहीही झालेले नव्हते. पण ती रात्र मी कशी काढली हे त्यांना आजही नीटसे ठाऊक नाही.

म्हणून सांगते, सूर्य मावळण्यापूर्वी मुक्कामाला पोहोचत जा. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. एखादा आडवा आला तर ब्रेक लाव, पण स्टिअरिंग वळवू नकोस. गाडी भाड्याने देणारे अनेक जण गावाबाहेर रात्री चालवायला करारातच मनाई करतात, तेव्हा ती अट नीट वाच. तीन-तीन ट्रेलर जोडलेले ‘रोड ट्रेन’ ट्रक 53 मीटरपर्यंत लांब असतात, त्यांना ओलांडण्याची घाई करू नकोस. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालू लागू नकोस, आणि पाण्याचे कॅन भरलेले ठेव. पाहा, पुन्हा यादी वाचू लागले. राग मानू नकोस. पावसात कसारा घाटातून तू गाडी उतरवलीस तेव्हा मागच्या सीटवर बसून मी विनूमामाला अभिमानाने सांगत होते की ही माझी मुलगी आहे.

अ‍ॅडलेड आणि डार्विन जुलैत आपल्यापेक्षा चार तास पुढे असतात. तिकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो, म्हणजे आपल्याकडे दुपारचे दोन. मुक्कामाला पोहोचलात की दोनच्या सुमारास केवळ ‘पोहोचलो’ एवढे लिही. मोटेलचे वायफाय असेलच. प्रत्येक मुक्कामाचे नाव आणि तिथला फोन क्रमांक मला आधी लिहून पाठव, एवढे कर. एखादा दिवस रेंज नाही म्हणून संदेश येणार नाही, हे मी बाबांना समजावून सांगेन, आणि स्वतःलाही.

तुझी,
आई

ता. क. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढ आणि येथला मूळ परवानाही जवळ ठेव. आत्याने लाडू पाठवायचे ठरवले आहे, त्यांना मी नको सांगते. तिकडे विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते आणि दुधातुपाचे बहुधा काढून घेतात.