क्रिलसाठी विभागवार मर्यादा पुन्हा हवी

संपादक महोदय,

दक्षिण ध्रुवाची बातमी आली की सोबत पेंग्विनचा नाहीतर देवमाशाचा फोटो असतो. हे दोघे ज्यावर जगतात, त्या क्रिलबद्दल चार ओळीही नसतात. माझ्या घरी सुक्या मासळीचा धंदा आहे आणि मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही.

क्रिल दिसायला आपल्या जवळ्यासारखाच, फक्त बोटाएवढा. मादी अंडी सोडते ती शेकडो मीटर खोल बुडतात, तिथे फुटतात आणि पिल्लं पोहत वर येतात. तोवर हिवाळा येऊन ठेपतो. मोठा क्रिल अंगातल्या चरबीवर, वेळ पडली तर अंगाने आक्रसूनही, हिवाळा काढतो. पिल्लाकडे ती शिदोरी नसते. समुद्रावरच्या बर्फाच्या खालच्या अंगाला शेवाळ धरतं, ते खरवडून खाल्लं तरच ते तगतं. आणि आता बर्फाचाच भरवसा उरलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये, बर्फ सर्वाधिक पसरायच्या दिवसांत, तो १ कोटी ७० लाख चौरस किलोमीटरही भरला नाही. उपग्रहाच्या नोंदींतला तो नीचांक.

त्यात मासेमारीची भर. अंटार्क्टिकाजवळच्या नैर्ऋत्य अटलांटिकच्या पाण्यात क्रिलच्या पकडीला वर्षाला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा आहे. सगळी पकड एकाच जागी होऊ नये म्हणून पूर्वी ती त्या समुद्राच्या विभागांत वाटलेली असे. तो नियम २०२४ मध्ये मुदत संपून गेला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्येच सगळी मर्यादा भरून हंगाम आधीच बंद करावा लागला. माल जातो मत्स्यखाद्यात आणि तेलाच्या कॅप्सुलांत. एकूण साठ्याच्या मानाने ही पकड जेमतेम एक टक्का, असं सांगतात. असेल. पण घरट्यात पिल्लू ठेवून आलेली पेंग्विन साऱ्या महासागरात चरत नाही, तिला जवळच्याच पाण्यात भक्ष्य लागतं. अंटार्क्टिक द्वीपकल्पाला लागून बोटींची गर्दी झाली तर टक्केवारी तिच्या काय कामाची?

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला असतात. कुरकुर होते, पण विणीचा काळ सोडायचा हे कोळीवाड्यात कुणाला पटवावं लागत नाही.

अंटार्क्टिकाच्या सागरी जीवांचं नियमन करणाऱ्या आयोगाचा भारत सदस्य आहे. निर्णय तिथे सर्वसहमतीने होतात, त्यामुळे आपल्या शब्दाला वजन आहे. २०२१ मध्ये आपण पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रातल्या संरक्षित क्षेत्रांना पाठिंबा दिला. आता विभागवार वाटणी परत आणण्याचा आग्रह भारताने आयोगाच्या होबार्ट (ऑस्ट्रेलिया) इथल्या बैठकीत धरावा, आणि काय भूमिका घेतली ते केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने जाहीर करावं.

– एक वाचक, हर्णै (जि. रत्नागिरी)