सड्यावरच्या विमानात पंखा आहे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, काही मुले 'पेट्रोलवर चालणारी जेट विमाने' उडवतात आणि त्यामुळे वणवा पेटण्याची भीती आहे, अशी बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आली. ती वाचून पंचायतीने मुलांना तोंडी बंदी केली. त्या मुलांत माझा भाचा आहे आणि त्याच्या विमानाची मोटर मी स्वतः बसवली आहे. म्हणून हे पत्र.

त्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानात पेट्रोल नाही. शेपटीतून ज्वाळ निघत नाही. पाठीमागे हातभर अंतरावर हात धरला तर जोराचा, जेमतेम कोमट वारा लागतो. रॉकेलसारख्या इंधनावर चालणारी खरीखुरी छोटी टर्बाइन असलेली मॉडेल विमाने जगात आहेत, त्यांचा झोत कित्येकशे अंश तापलेला असतो आणि त्यांची किंमत लाखांत जाते. आमच्या गावात तसले एकही नाही. आमच्या विमानाच्या पोटात नळी आहे आणि नळीत विजेवर फिरणारा ७० मिलिमीटर व्यासाचा पंखा आहे. मुले त्याला इडीएफ (इलेक्ट्रिक डक्टेड फॅन) म्हणतात.

मी एकतीस वर्षे खाणीवर पंप दुरुस्त केले. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि माझे काम संपले. इंपेलर (पंपातले फिरते चाक), केसिंग (त्याचे कवच), बेअरिंग, सक्शन हीच माझी भाषा. भाच्याने तो पंखा पहिल्यांदा माझ्या हातात ठेवला तेव्हा मी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणालो, "अरे, हा तर पंपच!" पाण्याच्या जागी हवा, एवढाच फरक. पात्यांचे टोक आणि बाहेरचे कडे यांत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट, कारण फट वाढली की टोकावरून हवा मागे सरकते आणि जोर वाया जातो. केसिंगमधली वेअर रिंग, म्हणजे फट राखणारे कडे, झिजली की पंपाचे पाणी जसे कमी होते तसेच. फिरत्या पात्यांच्या मागे न फिरणारी पाती आहेत. पंख्यातून निघणारी हवा गरगरत येते, ही पाती तिला सरळ करतात. बोअरवेलच्या पंपात हेच काम इंपेलरभोवतीच्या बाउलमधली पाती करतात. मोटरला तीन वायर असतात. त्यांतल्या कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते, थ्री फेजच्या पंपासारखीच. पहिल्या दिवशी आमचीही उलटी फिरली होती. भाचा घाबरला, मी दोन वायर बदलून दिल्या.

आता त्याची ताकद सांगतो, कारण पंचायतीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी 'खेळणे' हा शब्द वापरला. बॅटरीत सहा सेल असतात, मिळून सुमारे २२ व्होल्ट. पूर्ण जोरात पंखा ६० अँपिअर घेतो. म्हणजे १३२० वॅट, पावणेदोन हॉर्सपॉवर. बागायतीतला दीड हॉर्सपॉवरचा पंप उचलताना माझी कंबर धरते आणि ही मोटर मुठीत मावते. ती मिनिटाला ४५ हजार फेरे घेते. त्या वेगात पात्याचे टोक तासाला जवळजवळ ६०० किलोमीटरने धावत असते. अशा फिरणाऱ्या चाकात ३० मिलिमीटर त्रिज्येवर ग्रॅमचा दहावा भाग, म्हणजे सोनाराच्या गुंजेहूनही कमी वजन, एका बाजूला जास्त असले तर बेअरिंगवर पावणेसात किलोचा ओढा पडतो. म्हणून आम्ही पंखा बॅलन्स केल्याशिवाय बसवत नाही. खाणीवर मोठ्या इंपेलरचे बॅलन्सिंग करताना मी जेवढा वेळ घालवला नसेल तेवढा या प्लास्टिकच्या चाकावर घालवला.

ताणकाट्याला बांधून मोजले तेव्हा या पंख्याने दोन किलोला थोडा कमी ओढा दिला. एवढाच ओढा बारा इंची उघड्या पंख्याने विजेच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळाला असता. मोठा पंखा पुष्कळ हवा सावकाश मागे ढकलतो, नळीतला पंखा थोडी हवा फार वेगाने ढकलतो आणि त्याची किंमत बॅटरी मोजते. माझ्या हिशेबाने आमच्या नळीतून हवा तासाला २७५ किलोमीटरच्या आसपास निघते. ४००० मिलीअँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण जोरात चार मिनिटांत रिकामी होते, म्हणून मुले तीन-साडेतीन मिनिटांतच उतरतात. एवढा खर्च कशासाठी, असे मी भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मामा, जेटच्या नाकावर पंखा कसा दिसेल?" हे उत्तर मला पटले.

नळीच्या बाबतीत मी केलेली एक चूक इथे लिहितो, कारण तीच चूक दुसरे कुणीही करील. बागेत पाणी शिंपताना पाइपाचे तोंड बोटाने दाबले की पाणी लांब जाते. म्हणून शेपटीकडचे तोंड ५० मिलिमीटरपर्यंत आवळ, असे मी भाच्याला सांगितले. पंख्याचा आवाज घोगरा झाला आणि काट्यावरचा आकडा दीड किलोच्याही खाली आला. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ७० मिलिमीटरच्या वर्तुळातून मधल्या ३० मिलिमीटरच्या मोटरची जागा वजा केली की पात्यांना साडेएकतीस चौरस सेंटिमीटर उरतात. या खेळातल्या जाणत्यांचा नियम असा की मागचे तोंड त्याच्या ८५ ते ९० टक्के असावे. ९० टक्क्यांनी व्यास बरोबर ६० मिलिमीटर येतो. आवळलेला भाग कापून ६० मिलिमीटरची नळी लावली तेव्हा आकडा परत वर चढला. पाइपामागे टाकीचा दाब असतो, असल्या पंख्यामागे तसला दाब नसतो, हे मला कळायला हवे होते.

तोंडाकडची गोष्ट त्याहून मोठी. विमान जागेवर उभे असताना पंखा समोरचीच नव्हे तर बाजूची आणि थोडी मागचीही हवा ओढतो. तोंडाची कड धारदार असली तर त्या कडेला वळताना हवा फाटते आणि पंख्याला अर्धपोटी ठेवते. कड गोलसर, घंटेच्या ओठासारखी हवी. सक्शन पाइपाच्या तोंडाला आम्ही बेलमाउथ लावायचो ते याच कारणाने. शिवाय मुलांनी विमानाच्या पोटाला जादा भोक पाडले आहे, उभ्या विमानाला तिथूनही हवा मिळावी म्हणून. ते पाहून कुणीतरी 'इंजिनातून धूर जायचे भोक' असे म्हटले आणि बहुधा तिथूनच पेट्रोलची गोष्ट सुरू झाली.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन सी हॅरियर या नौदलाच्या जुन्या जेट विमानासमोर उभे राहावे. १९८३ साली ही विमाने दाबोळीला आली आणि २०१६ च्या मे महिन्यात तिथल्याच आयएनएस हंसा तळावर निवृत्त झाली. त्याच्या दोन्ही रुंद तोंडांभोवती लहान झडपांची रांग दिसते. विमान उभे असताना त्या उघडून जादा हवा आत घेतात, वेगात गेले की बंद होतात. आमच्या पोटाच्या भोकाचे काम तेच. तिथे सी हॉक हे त्याहून जुने जेटही आहे. त्याच्या नीन इंजिनाचा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारे चाक, दोन्ही बाजूंनी हवा ओढणारा आहे, आमच्या डबल सक्शन पंपासारखा. मी भाच्याला घेऊन गेलो होतो तेव्हा त्या दोन विमानांपुढून दोन तास हललो नाही.

आता बंदीविषयी. पंचायतीची भीती सगळी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. फक्त ती चुकीच्या जागी बोट ठेवते. आग लागू शकते ती बॅटरीमुळे. लिथियम पॉलिमरची बॅटरी आपटून चेपली, टोचली गेली किंवा जास्त चार्ज झाली तर पेटते, कधी लगेच, कधी आपटल्यानंतर बऱ्याच वेळाने. एप्रिल-मेमध्ये सड्यावरचे करड, म्हणजे उंच गवत, काडीसारखे वाळलेले असते. त्यात अशी बॅटरी पडून राहिली तर वणवा नक्की शक्य आहे. म्हणून आमचा नियम असा: विमान पडले की आधी बॅटरी शोधायची, नुसत्या चिऱ्याच्या उघड्या कातळावर ठेवायची आणि सोबत आणलेली वाळूची बादली तिच्याजवळ ठेवून थांबायचे. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. उन्हात बंद गाडीत ठेवायची नाही. चार्जिंग घराबाहेर, फरशीवर, माणूस समोर बसलेला असतानाच.

दुसरी खरी भीती विमानाच्या वेगाची. पावणेदोन किलोचे विमान तासाला १३० किलोमीटरने अंगावर आले तर ते ६६ मीटरांवरून पडल्यासारखे होईल. वीस मीटरांच्या माडावरून पडणाऱ्या नारळाला आपण सगळेच भितो, हे तर तीन माडांहून उंच. डोक्यावरून कधी उडवायचे नाही, गुरे सड्यावर असताना उडवायचे नाही. आणि पंखा फिरत असताना त्याच्या रेषेत बाजूला कुणी उभे राहायचे नाही, पाते फुटले तर तिकडेच उडते.

फेब्रुवारीत आमचे पहिले विमान पडले तेव्हा आणखी एक गोष्ट शिकलो. नाकावर पंखा असलेल्या विमानात पंख्याचा वारा शेपटीवर जातो, त्यामुळे ते सावकाश असतानाही शेपूट ऐकते. नळीतल्या पंख्याचा वारा सरळ मागे निघून जातो. शेपटीला हवा मिळते ती फक्त विमानाच्या स्वतःच्या वेगाची. भाच्याने उतरताना जोर पूर्ण कमी केला, विमान सुस्तावले, त्याने घाईने जोर वाढवला, पण पंख्याला वेग घ्यायला क्षणभर लागतो. तेवढ्यात एक पंख खाली गेला आणि ते काजूच्या झाडात घुसले. आता तो थोडा जोर ठेवूनच खाली येतो.

केंद्राच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, डोळ्यांसमोर, शिक्षणासाठी किंवा हौसेने उडवायच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे. दाबोळी आणि मोपा हे दोन्ही विमानतळ आमच्या सड्यापासून बरेच लांब आहेत. तरीही मुले उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरचा नकाशा बघतात.

पंचायतीला माझी विनंती एवढीच. रविवारी सकाळी सात ते नऊ एवढी वेळ सड्याच्या दक्षिणेकडच्या उघड्या कातळावर मुलांना द्यावी. वाळूच्या दोन बादल्या आणि एक जाणता माणूस तिथे असल्याशिवाय उड्डाण नाही, अशी अट घालावी. तो जाणता माणूस म्हणून उभा राहायला मी तयार आहे. आणि आपणही बातमीतला 'पेट्रोल' हा शब्द दुरुस्त करावा.

पाऊस तोंडावर आला आहे. सडा भिजला की दसऱ्यापर्यंत तसेही कुणी उडवत नाही. त्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय यावा. मी ताणकाटा, पंखा आणि चेपलेली एक जुनी बॅटरी घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त पंप मेकॅनिक,
डिचोली