ग्राहक जेटीवरच होता!

संपादक महोदय,

यंदा मासेमारी बंदीत होडीचं इंजिन उघडलं, तर पंपातला इंपेलर झिजलेला. रबराचा पंखा, तळहातावर मावेल एवढा. पण तो गेला की इंजिनाला गार पाणी मिळत नाही आणि भर दर्यात ते तापून बंद पडतं. बंदी 31 जुलैला संपणार, म्हणून मुंबईहून ऑनलाइन मागवला.

चिपळूणपर्यंत पार्सल दोन दिवसांत आलं. पुढे तीन दिवस ट्रॅकिंग मुकं. मुलीने समजावलं, बाबा, खोक्यावरचा बारकोड कुठे स्कॅन झाला तरच इथे ओळ उमटते, मधल्या वाटेचं काही कळत नाही. चौथ्या दिवशी नकाशावर ठिपका हलू लागला. तो गुहागरकडून यायचा, तर आला दापोलीकडून आणि दाभोळच्या जेटीवर थांबला. मी इकडे धोपाव्याच्या जेटीवर जाळं शिवत बसलेलो. मध्ये फक्त वाशिष्ठीची खाडी. पलीकडे मोटारसायकल आणि पार्सलवाल्या पोराचा पिवळा रेनकोट मला दिसत होता. फेरीबोट लागली, गाड्या चढल्या, बोट सुटली. रेनकोट तिथेच. मग मेसेज आला: ‘ग्राहक पत्त्यावर उपलब्ध नाही’.

फोन लावला. पोरगा खरं बोलला. ‘काका, फेरीचं तिकीट माझ्या खिशातून, परत यायला पुढची बोट. एका पार्सलमागे मला सुटतं किती?’ त्याच्यावर राग नाही. दुसऱ्या दिवशी मीच तिकीट काढून दाभोळला गेलो आणि चहाच्या टपरीवरून खोकं उचललं. त्यावर नोंद काय, तर ‘घरपोच मिळाले’.

नकाशावरचा ठिपका म्हणजे त्या पोराचाच मोबाईल, आणि ‘उपलब्ध नाही’चं बटणही त्याच मोबाईलवर. मग ठिपका दाभोळात असताना धोपाव्याचा माणूस घरी नाही, ही नोंद कंपनीचं यंत्र घेतं कसं? ठिपका दारापर्यंत आल्याशिवाय ते बटण चालूच नये, एवढं करणं काही अवघड नसावं. आणि चिपळूणला माल वेगळा करणाऱ्यांनी आमची पार्सलं गुहागरच्याच गाडीत टाकावीत. नकाशात दाभोळ जवळ दिसतं खरं, पण फेरीने यायचं नसेल तर चिपळूण फिरूनच यावं लागतं.

– एक होडीवाला, धोपावे (ता. गुहागर)