मृगाच्या आत टाक्या बसवायच्या आहेत: गरोदर बायकांच्या पाण्यासाठी आवाहन

ग्रामपंचायत पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, ता. किनवट, जि. नांदेड

आपल्या भागात ग्रॅनाइटचा खडक आहे. बोअर जितका खोल, तितके पाण्यात फ्लोराइड (खडकातून येणारा क्षार) उतरण्याची शक्यता जास्त. भारतीय मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवे. दुसरी सोयच नसेल तर फार तर १.५. त्याला ना चव, ना वास. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटते तसे वाढते. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरनेही जात नाही.

फ्लोराइड वारेतून पोटातल्या बाळापर्यंत पोचते. फ्लोराइडने आतड्याच्या अस्तराला इजा झाली की लोह अंगी लागत नाही. लोहाच्या लाल गोळ्या चालू असूनही एचबी (हिमोग्लोबिन) वाढत नसेल तर पाणी तपासायलाच हवे (गोळ्या मात्र बंद करू नयेत). दिल्लीत अशा गरोदर बायकांचे पाणी आणि आहार बदलल्यावर हिमोग्लोबिन वाढल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. १.५ च्या वरच्या पाण्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध दिसतो, असे अमेरिकेच्या सरकारी अहवालात २०२४ मध्ये आले. त्याखालच्या पातळीबद्दल अजून पुरेसा पुरावा नाही.

पावसाच्या पाण्यात फ्लोराइड नगण्य असते. पिणे आणि स्वयंपाक मिळून रोज ८ लिटर धरले, तर ऑक्टोबर ते मे २,००० लिटर पुरतात. ३० चौरस मीटर पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की एवढी टाकी भरते. डाळ-भातही याच पाण्यात शिजला पाहिजे. नुसते पिण्याचे पाणी बदलून भागत नाही.

आम्हाला हवे आहे: २,००० लिटरच्या झाकणाच्या काळ्या टाक्या, पन्हाळी, ४ इंची पीव्हीसी पाइप, तोंडाला लावायची बारीक जाळी आणि प्लंबर-गवंड्यांचे श्रमदान. रसायनाची वापरलेली टाकी कृपया देऊ नका, ती कितीही धुतली तरी चालत नाही. पहिले दोन पाऊस टाकीत घ्यायचे नाहीत, म्हणून प्रत्येक जोडणीला पाणी बाहेर सोडायची तोटी लागेल. ती नसली की पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण आत जाते, पाणी नासते.

पाऊस सुरू होईपर्यंतचे दिवस उथळ विहिरींवर काढावे लागतील. ज्यांच्या शेतात आड किंवा विहीर आहे त्यांनी १ लिटर पाणी प्लास्टिकच्या बाटलीत द्यावे, काचेच्या नको. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्या, वर नाव आणि खोली लिहा. तपासणीत पाणी चांगले निघाले तर गरोदर बायकांच्या घरच्यांना तिथून भरू द्या.

वस्तू व रोख ग्रामपंचायत कार्यालयातच द्यावी, पावती घ्यावी. कोणत्या घरी टाकी हवी, ती नावे आशाताई देतील.